एलीट क्लबची दुसरी टीम की टाउनची आपली टीम?

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही सेंट्रल जर्सीत राहतो. लेक ऑक्टोबर २०१४ ची, पाचवीत आहे. तीन वर्षांपासून टाउनच्या ट्रॅव्हल टीममध्ये (गावाची टीम, इतर गावांशी मॅच खेळणारी) सॉकर खेळते. टीम खालच्या फ्लाइटमध्ये, म्हणजे खालच्या पातळीवर आहे, फॉलमध्ये आठपैकी पाच मॅच हरलो. पण ही मिडफिल्डला जवळजवळ पूर्ण वेळ खेळते, कोच चांगले आहेत, मैत्रिणी आहेत. मध्यंतरी एका मोठ्या क्लबच्या ट्रायआउटला (निवड चाचणीला) सहज म्हणून नेलं, तर त्यांनी अंडर-१२ च्या दुसऱ्या टीममध्ये जागा देऊ केली. मेलमध्ये 'ईसीएनएल पाथवे' असं लिहिलंय (ईसीएनएल ही मुलींची वरची लीग). त्यांची फी ४,३०० डॉलर, टाउनची १,५००. मैदान संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये चाळीस मिनिटांवर, आठवड्याला तीन प्रॅक्टिस. कोच अजून ठरायचा आहे. ४८ तासांत ५०० डॉलर डिपॉझिट भरून हो म्हणायचंय. इकडे टाउनचे कोच म्हणतात, वयाचे नियम बदलले तरी हिला आहे त्याच मुलींबरोबर अंडर-१३ मध्ये खेळवू. नवरा म्हणतो, अशी संधी पुन्हा येत नाही, हरणाऱ्या टीममध्ये राहून ती काय शिकणार, पुढे कॉलेजलाही उपयोग होईल. सासूबाई विचारतात, खेळायला एवढे पैसे? लेकीला विचारलं तर म्हणते, "तुम्ही म्हणाल तसं." काय करू?
– एक आई

उत्तर

तुमची मुदत हे सदर येईपर्यंत थांबणारी नव्हती, म्हणून "पैसे भरू नका, एक आठवडा मागून घ्या" एवढंच त्या रात्री कळवलं होतं. तुम्ही मागितला आणि त्यांनी दिला. सहा वर्षं मी टीम मॅनेजर होते. रोस्टर, म्हणजे टीमची यादी, भरायची घाई क्लबला असते, त्यांचंही बरोबर आहे, पण ज्या मुलीची जागा त्यांनी खरोखर धरून ठेवलीय तिच्या आईला पाच-सहा दिवस नाकारले जात नाहीत. नाकारलेच, तर उत्तर तिथेच मिळालं असं समजावं.

आता सविस्तर लिहिते. आधी तो वयाचा नियम, कारण तुम्ही तो एका ओळीत उरकलात आणि तुमच्या लेकीच्या बाबतीत अर्धा निर्णय त्यातच आहे.

आतापर्यंत टीम जन्मवर्षावर होत्या. जानेवारी ते डिसेंबर २०१४ मध्ये जन्मलेल्या सगळ्या मुली एका गटात. तुमची लेक ऑक्टोबरची, म्हणजे जानेवारीतल्या मुलीपेक्षा नऊ महिन्यांनी लहान. शाळेत त्या सहावीत, ही पाचवीत. या वयात नऊ महिने म्हणजे कधीकधी एक वीत उंची असते. तरीही ती मिडफिल्डला पूर्ण मॅच खेळते, हे तुम्ही पत्रात ज्या सहजपणे लिहिलंत तेवढं सोपं नाही. तीन वर्षं ती गटातली धाकटी म्हणून खेळली आहे.

२०२६-२७ च्या सीझनपासून यूएस यूथ सॉकर, यूएस क्लब सॉकर आणि एवायएसओ या मुलांच्या सॉकरच्या संघटनांनी गट शाळेच्या वर्षाप्रमाणे केले आहेत: १ ऑगस्ट ते ३१ जुलै. या हिशेबाने येत्या फॉलमध्ये अंडर-१२ म्हणजे ऑगस्ट २०१४ ते जुलै २०१५ मधल्या मुली. म्हणजे तुमची लेक पुन्हा एक वर्ष अंडर-१२ मध्येच, आणि आता गटातल्या थोरल्या मुलींपैकी एक. तिच्या टीममधल्या जानेवारी ते जुलैच्या मैत्रिणी मात्र अंडर-१३ मध्ये जातील.

हे नीट पाहिलं की दोन्ही पर्यायांचा चेहराच बदलतो. मोठ्या क्लबने तिला बोलावलंय ते अंडर-१२ मध्ये. म्हणजे पुन्हा नऊ-नऊ जणींचा खेळ, चार नंबरचा बॉल, तीस-तीस मिनिटांचे हाफ, आणि आजूबाजूला बहुतेक तिच्याहून लहान मुली. टाउनचे कोच तिला नेऊ म्हणतात ते अंडर-१३ मध्ये. तिथे अकरा-अकरा जणी, पाच नंबरचा बॉल, पस्तीस मिनिटांचे हाफ, मोठ्यांचं मैदान, २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच गोल. जुना नियम राहिला असता तर ती या फॉलला तिथेच पोचणार होती. मग यात 'वरचा' पर्याय कोणता आणि 'खालचा' कोणता? तुमच्या यजमानांना हे कागदावर काढून दाखवा. क्लबच्या नावाने ते ज्याला वर म्हणताहेत, तिथे खेळाच्या मानाने ती एक पायरी खाली राहते आहे.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. नव्या अंडर-१३ मध्ये ऑगस्ट २०१३ पासूनच्या मुली असतील. आतापर्यंत तिच्यासमोरची सगळ्यात मोठी मुलगी नऊ महिन्यांनी मोठी होती, आता चौदा महिन्यांनी मोठी असू शकते. याच वयात काही मुली एका उन्हाळ्यात ताडासारख्या वाढतात. म्हणून कोचला स्पष्ट विचारा की तिला कुठे खेळवणार. मिडफिल्डच्या मधोमध धक्के जास्त बसतात, सुरुवातीचे दोन महिने कडेला खेळवलं तर बिघडत काही नाही. आणि सरावाआधी गुडघ्या-घोट्यांसाठीचा नीट वॉर्मअप घेतात का, तेही विचारा. फिफाचा ११+ म्हणून वीसेक मिनिटांचा ठरलेला कार्यक्रम आहे. मुलींमध्ये गुडघ्याच्या लिगामेंटच्या दुखापती मुलांपेक्षा जास्त होतात, आणि तो नियमाने केला तर दुखापती कमी होतात हे तपासून सिद्ध झालेलं आहे. ज्या कोचला हे माहीत असतं, त्याच्या हाती मी मूल निर्धास्त सोपवते.

आता त्या 'पाथवे'बद्दल. ईसीएनएल ही मुलींसाठी २००९ मध्ये सुरू झालेली लीग, चांगली आहे, तिथला खेळ खरोखर वरचा आहे. पण तिचे वयोगट अंडर-१३ पासून सुरू होतात. अंडर-१२ च्या मुलीला आज कुणी ईसीएनएलमध्ये घेऊ शकत नाही, कारण त्या वयाला ती लीगच नाही. 'पाथवे' म्हणजे वाट. वाटेवर उभं केलं म्हणजे पोचवलं असं होत नाही, आणि दुसऱ्या टीममधल्या मुलींना तर आधी पहिल्या टीमचं दार ठोठवावं लागतं. मेल पुन्हा वाचा. त्यात काय द्यायचं कबूल केलंय आणि काय नुसतं सुचवलंय, ते पेन्सिलीने वेगळं करा.

आणि या नावांचं आयुष्य किती असतं, तेही मी पाहिलंय. मुलींची डेव्हलपमेंट अकादमी ही अशीच एक एलीट लीग २०१७ मध्ये मोठ्या गाजावाजाने सुरू झाली. आमच्या ओळखीच्या दोन घरांनी तेवढ्यासाठी क्लब बदलला, मैत्रिणी सोडल्या, तासभर लांबचा प्रवास पत्करला. २०२० च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या ऐन दिवसांत, ती सगळी अकादमीच बंद झाली. तीन वर्षं पुरी झाली नव्हती. त्या मुलींपाशी शेवटी उरलं ते कोचने शिकवलेलं. ज्यांना बरा कोच मिळाला होता त्यांचं निभावलं.

म्हणून तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य फीचं नाही, अंतराचंही नाही. "कोच अजून ठरायचा आहे" हे ते वाक्य. अकरा वर्षांच्या मुलीसाठी क्लब म्हणजे तिचा कोच, दुसरं काही नाही. बॅज, वेबसाइट, गणवेशाचे तीन जोड, मैदानाचं टर्फ, हे सगळं त्याच्या मागून येतं. कोण शिकवणार हेच माहीत नसताना ४,३०० डॉलर कशाचे भरायचे?

थोडं माझ्या घरातलं सांगते. हे लिहायला आजही जड जातं.

माझा थोरला बारा वर्षांचा असताना त्याला असाच मेल आला होता. आम्ही दोघंही हरखून गेलो. पुण्याला फोन करून सांगितलं, पेढे वाटले म्हणा ना. अठरा जणांच्या टीममध्ये तो सतरावा होता हे आम्हाला माहीत होतं, पण वाटलं, चांगल्यांच्या संगतीत राहील तर वर येईल. मार्चमध्ये व्हर्जिनियाला टूर्नामेंट होती. साडेपाच तास गाडी, दोन रात्री हॉटेल, तीन मॅच. शनिवारी दिवसभर पाऊस. रात्री हॉटेलच्या लाँड्रीत सगळ्या आया चिखलाने माखलेले कपडे घेऊन रांगेत उभ्या होत्या. मी त्याची पिशवी उघडली तर पांढरी शॉर्ट तशीच पांढरी, मोजे कोरडे, घडी मोडली नव्हती इतके. धुवायला काही नव्हतंच. मी पिशवीची चेन लावली आणि रांगेतून बाहेर आले. दोन मॅचमध्ये मिळून तो सहा मिनिटं खेळला होता. खोलीत परत गेले तेव्हा तो टीव्ही बघत होता. मी म्हटलं, "उद्या मिळेल हं चान्स." तो म्हणाला, "हो आई."

ते "हो आई" मी दोन वर्षं खरं मानलं. चौदाव्या वर्षी त्याने सॉकर सोडलं. भांडण नाही, रडारड नाही, ट्रायआउटचा फॉर्म भरायचा होता त्या दिवशी "नको" म्हणाला एवढंच. खूप नंतर, कॉलेजला गेल्यावर, मला म्हणाला की तुम्ही एवढे पैसे भरले होते, बाबा शुक्रवारी ऑफिसातून लवकर निघायचे, मला सांगवेना.

तुमच्या लेकीचं "तुम्ही म्हणाल तसं" वाचलं आणि मला तो कोरड्या मोज्यांचा जोड आठवला. आपली मुलं गुणी असतात हो. आपण किती धावपळ करतो ते त्यांना दिसतं, आणि त्याची परतफेड ती गप्प राहून करतात. तिचं ते वाक्य होकार नाही, नकारही नाही. ती तुमच्या दोघांच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देते आहे.

तिच्याकडून खरं काढायचं असेल तर "कुठली टीम हवी?" असं समोर बसवून विचारू नका. गाडीत विचारा, दोघींची नजर रस्त्यावर असताना. आणि प्रश्न लहान ठेवा. कुठल्या दिवशी क्लीट्सची पिशवी तू न सांगता भरतेस? त्या ट्रायआउटला कुणाशी बोललीस? नव्या ठिकाणी कुणी तुला पास दिला का? हरलेल्या मॅचनंतर तिच्या डोक्यात काय चालू असतं? माझी धाकटी हरल्यावर घरी येईपर्यंत बडबडत असायची, की तिसऱ्या गोलच्या वेळी मी मागे यायला हवं होतं, मी पुढेच राहिले. अशी बडबड करणारी मुलगी हरणाऱ्या टीममध्येही शिकत असते. तुमच्या यजमानांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. हरणाऱ्या टीमची मिडफिल्डर दिवसभर बॉलच्या मागे असते, सतत चुका करते, सतत त्या निस्तरते. जिंकणाऱ्या टीमच्या बेंचवर चुका करायलाही मिळत नाहीत.

पण एलीट म्हणजे वाईटच, असा अर्थ कृपया घेऊ नका. तीच माझी धाकटी तेराव्या वर्षी टाउनची टीम सोडून मोठ्या क्लबला गेली आणि तिचं सोनं झालं. फरक काय होता? तिला टाउनमध्ये कुणी अडवणारं उरलं नव्हतं. प्रॅक्टिसला ती अर्ध्या वेगाने पळायची आणि तरी पुढे असायची, कंटाळून यायची. नव्या क्लबला जाण्याआधी आम्ही तिथल्या तीन प्रॅक्टिस पाहिल्या. थोरल्याच्या वेळची चूक अंगाला लागली होती, त्यामुळे या वेळी मी घडीची खुर्ची, थर्मासमध्ये चहा आणि एक वही घेऊन साइडलाइनला बसले आणि चक्क मोजलं. वीस मिनिटांत एका मुलीच्या पायाला बॉल किती वेळा लागतो? एका नावाजलेल्या क्लबमध्ये मुली शंकूंमागे रांग लावून उभ्या होत्या, कोच लांबलचक बोलत होता. अकरा वेळा. दुसऱ्या ठिकाणी तीन-तीन जणींचे छोटे खेळ लावले होते, साठच्या पुढे मी मोजायचं सोडलं. आम्ही दुसरीकडे गेलो. त्या कोचने पहिल्याच दिवशी माझ्या मुलीला सांगितलं होतं, "तू पहिले दोन महिने अर्धी मॅच खेळशील, तुझा डावा पाय अजून तयार नाही, तो मी तयार करून घेईन." किती स्वच्छ बोलणं! अशी माणसं भेटली तर चाळीस मिनिटं काय, तासभरही गाडी चालवावी.

गाडीचा हिशेबही एकदा मांडू या, कारण तो रोजचा आहे. चाळीस मिनिटं जायला, चाळीस यायला, आठवड्याला तीन प्रॅक्टिस आणि घरच्या मैदानावरची एक मॅच धरली तरी पाच तास वीस मिनिटं गाडीत. दीड-दीड तासाच्या तीन प्रॅक्टिस आणि तासाची मॅच, म्हणजे मैदानावर साडेपाच तास. जेवढं खेळणं तेवढाच प्रवास. रूट १ किंवा २८७ वर पावसाळी मंगळवारी हेच चाळीस मिनिटं सत्तर होतात हे तुम्हाला मी सांगायला नको. गृहपाठ गाडीत, पोळीचा रोल गाडीत, धाकटं भावंड असेल तर त्याची संध्याकाळही गाडीत. शनिवार-रविवारच्या मॅच आल्या की मराठी शाळा बुडते. आमच्याकडे एका गणपतीला धाकटी मॅचहून थेट आरतीला आली, शिन गार्ड तसेच, आणि मखरापुढच्या सतरंजीवर टर्फचे काळे रबरी दाणे सांडत गेले. आजी हसल्या, सगळेच हसलो, ती आठवण गोडच आहे. पण दर आठवड्याला तसंच व्हायला लागलं तर घर थकतं. आणि हो, मोठ्या क्लबची तयारी ऑगस्टच्या सुरुवातीपासून लागते. उन्हाळ्यात भारतात जायची तिकिटं काढली असतील तर आधी तारखा विचारा.

शरीराचंही बघा. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचं सांगणं असं की मुलांना आठवड्यातून एक-दोन दिवस खेळापासून पूर्ण सुट्टी हवी, वर्षातून दोन-तीन महिने त्या ठरावीक खेळापासून विश्रांती हवी, आणि एकाच खेळाला वाहून घेणं पंधरा-सोळापर्यंत लांबवलेलं बरं. ती नाच शिकत असेल, पोहत असेल तर ते बंद करू नका. प्रॅक्टिसनंतर टाच दुखते म्हणाली तर बूट बदलून सोडून देऊ नका. या वयात टाचेच्या वाढत्या हाडाला ताण बसून तसं दुखतं, डॉक्टरांना दाखवावं.

कॉलेजचं. आपल्या लोकांत हा विषय निघाला की बाकी सगळं बाजूला पडतं, म्हणून यजमानांसाठी थोडं सविस्तर. डिव्हिजन १ च्या, म्हणजे कॉलेजच्या खेळांत सगळ्यात वरच्या गटातल्या कॉलेजचे कोच मुलीशी भरतीबद्दल थेट बोलू शकतात ते दहावीचं वर्ष संपल्यावर, १५ जूनपासून. तुमची लेक पाचवीत आहे. अजून पाच वर्षं आहेत. आयव्ही लीगमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच, डिव्हिजन ३ मध्येही नाही. डिव्हिजन १ च्या मुलींच्या सॉकरला २०२४-२५ पर्यंत एका टीममागे चौदा स्कॉलरशिप असायच्या, आणि त्या पंचवीस-तीस मुलींत तुकडे करून वाटल्या जायच्या. आता तो नियम बदललाय, एका टीममध्ये किती मुली असाव्यात ते ठरवून दिलं आहे, पण म्हणून प्रत्येकीचं शिक्षण फुकट होतं असं नाही. पाच-सहा वर्षं ४,३०० आणि वर हॉटेल-प्रवास असे पैसे शिक्षणासाठीच गुंतवायचे असतील, तर ते सरळ ५२९ खात्यात (शिक्षणासाठीच्या बचत खात्यात) टाकावेत. खेळावर खर्च करायचा तो तिला खेळ आवडतो म्हणून. सासूबाईंनाही हेच सांगा. त्यांचा प्रश्न वाजवी आहे, झिडकारू नका. त्यांना एकदा थंडीचं जॅकेट घालून मॅचला घेऊन या. नात बॉल घेऊन पळताना पाहिली की पुढचं त्याच बोलतील.

पैशाबद्दल एवढंच की ४,३०० मध्ये काय नाही ते लेखी मागा. गणवेश बहुधा वेगळा, टूर्नामेंटची फी कधी आत कधी बाहेर, आणि बऱ्याच टूर्नामेंटना त्यांनी ठरवलेल्या हॉटेलांतच राहावं लागतं. सही केल्यावर मध्येच सोडलं तरी पूर्ण वर्षाची फी भरावी लागते, अशी अट बऱ्याच क्लबांच्या करारात असते. ती ओळ शोधा.

तर माझं मत. मी तुमच्या जागी असते तर हे एक वर्ष तिला टाउनच्याच टीममध्ये ठेवलं असतं, अंडर-१३ मध्ये, वर खेळायला. तिथे तिला ओळखणारा कोच आहे, मैदानावर भरपूर वेळ आहे, आणि समोर तिच्याहून मोठ्या, दमवणाऱ्या मुली आहेत. शिकायला याहून वेगळं काय लागतं? २०२७ च्या वसंतात पुन्हा ट्रायआउट येतील. 'संधी पुन्हा येत नाही' हे मी सहा वर्षांच्या अनुभवावरून सांगते की खरं नाही. दर मेमध्ये प्रत्येक टीममधून चार-पाच मुली जातात, चार-पाच येतात, क्लब दरवर्षी शोधतच असतात. तेव्हा ती वयाने अंडर-१३ ची होईल, म्हणजे ईसीएनएल खरोखर जिथून सुरू होते त्या गटाची, आणि तिच्या गटातल्या बाकीच्या मुली मोठ्या मैदानावर पहिल्यांदा पाय ठेवत असतील तेव्हा हिच्या पायाखाली अकरा जणींच्या खेळाचं अख्खं वर्ष असेल. तेव्हा तिला दुसऱ्या टीमसाठी बोलावतात की पहिल्या, ते बघू.

याला एक अपवाद आहे. टाउनच्या कोचचं "वर खेळवू" हे नुसतं बोलणं असू शकतं. क्लबचा बोर्ड, लीगचा नियम, रोस्टरची जागा, यातलं काहीही आडवं येऊ शकतं. उद्याच त्यांच्याकडून ईमेलवर लिहून घ्या की ती अंडर-१३ च्या रोस्टरवर असेल. तसं झालं नाही आणि तिला खालच्या फ्लाइटच्या अंडर-१२ मध्ये टाकलं, तर तिथे ती थोरली होऊन नुसत्या ताकदीवर गोल मारत बसेल आणि वर्षभरात आळशी होईल. मग मोठ्या क्लबचा विचार जरूर करा, पण कोचचं नाव कळल्यावर आणि त्याची एक प्रॅक्टिस वहीसकट पाहिल्यावरच.

मोठ्या क्लबला नाही म्हणाल तेव्हा फोन न करता चार ओळींचं नीट पत्र लिहा. आभार माना, कारण सांगा, पुढच्या वर्षी ट्रायआउटला येऊ असं कळवा. गप्प राहून मुदत उलटू देणाऱ्या घरांपेक्षा असं लिहिणारी घरं कोचांच्या लक्षात राहतात. उन्हाळ्यात त्यांचा आठवडाभराचा कॅम्प असेल तर तिला पाठवा. थोडक्या पैशांत तिथल्या मुली, तिथले कोच तिला दिसतील, आणि तुम्हाला तिचा चेहरा दिसेल.

यंदा जुलैमध्ये विश्वचषकाची फायनल आपल्या ईस्ट रदरफर्डला आहे, तेव्हा घराघरातली मुलं बॉल घेऊन अंगणात असतील. त्या तिकिटांच्या मागे लागू नका. फॉलमध्ये एका संध्याकाळी तिला पिस्काटवेला यर्काक फील्डवर रटगर्सच्या मुलींची मॅच दाखवायला न्या, आणि फक्त मिडफिल्डच्या मुलीकडे बघ म्हणावं, बॉल तिच्याकडे नसताना ती काय करते ते.

आणि या बुधवारी प्रॅक्टिसला तुम्ही जाऊ नका. तिच्या बाबांना एकट्यांना जाऊ द्या. फोन खिशात ठेवून पूर्ण दीड तास बसायचं, परत येताना खेळाबद्दल एकही प्रश्न विचारायचा नाही, आणि ती आपणहून काय बोलते ते रात्री तुम्हाला सांगायचं.